विश्लेषण : नर्सिंग शिकावे लागते, हे जगाला कोणी पटवले? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे आयुष्य आजच्या विद्यार्थ्यांना काय सांगते?

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. नर्सिंग महाविद्यालयांत मेणबत्त्या पेटवून शपथ घेतली जाते, भिंतीवर हातात दिवा घेतलेल्या एका स्त्रीचे चित्र असते. याच सुमारास बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या अनेक घरांत मुलीने नर्सिंगला जावे का, यावर खल सुरू असतो. रात्रपाळी, रुग्णालयातले वातावरण, लोक काय म्हणतील, लग्नाचे काय, असे प्रश्न निघतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या घरातही पावणेदोनशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न विचारले गेले होते आणि उत्तर ठाम नकाराचे होते. त्या नकारापासून जगातल्या पहिल्या काही आधुनिक नर्सिंग शाळांपैकी एकीपर्यंतचा त्यांचा प्रवास, त्यांच्या चुका आणि त्यातून आजच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे, याचा हा आढावा.

घरच्यांचा विरोध कशासाठी होता?

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. घर इंग्लंडमधले सधन जमीनदारांचे. डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन परगण्यांत त्यांचे वाडे होते. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान असे त्या काळी मुलग्यांसाठी राखलेले विषय फ्लॉरेन्सच्या वाट्याला आले. गणिताची तिला विशेष ओढ होती.

१८४५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तिने घरी सांगितले की जवळच्या सॉल्सबरी शहरातील रुग्णालयात काही महिने राहून रुग्णसेवा शिकायची आहे. घरात वादळ उठले. आई आणि थोरली बहीण पार्थेनोपी यांचा विरोध सर्वांत तीव्र होता. त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. त्या काळच्या इंग्लंडमधील रुग्णालये गरिबांसाठी असत. पैसेवाल्यांवर घरीच उपचार होत. वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना कोणतेही शिक्षण नसे, पगार तुटपुंजा असे, अनेकींवर दारूच्या व्यसनाचा शिक्का असे. चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबरीतली दारुडी, स्वार्थी परिचारिका सेरी गॅम्प वाचकांना ओळखीची वाटत होती. अशा कामाला आपली मुलगी पाठवणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे, असा घरच्यांचा समज होता.

फ्लॉरेन्सने हट्ट सोडला नाही, पण घरही सोडले नाही. पहाटे उठून ती सरकारी आरोग्य अहवाल वाचायची, रुग्णालयांची माहिती वहीत टिपून ठेवायची. १८४९ मध्ये रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स या नामवंत लेखक-खासदाराचे लग्नाचे मागणे तिने नाकारले. माणूस तिला आवडत होता. पण लग्नानंतर आयुष्य मेजवान्या आणि पाहुणचारात जाणार, हे तिला दिसत होते.

मग शिक्षण मिळाले कुठे?

इंग्लंडमध्ये शिकण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कैसरवर्थ येथे पाद्री थिओडोर फ्लीडनर यांनी रुग्णालय, अनाथालय आणि सेविकांना तयार करणारी संस्था चालवली होती. १८५० मध्ये नाइटिंगेल यांनी ती पाहिली आणि १८५१ मध्ये तिथे सुमारे तीन महिने राहून शिक्षण घेतले. औषधे देणे, जखमा बांधणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे, मरणासन्न रुग्णाजवळ बसणे, हे सगळे त्यांनी पहिल्यांदा तिथे हाताने केले. त्यांचे औपचारिक नर्सिंग शिक्षण म्हणायचे तर एवढेच.

१८५३ मध्ये लंडनच्या अपर हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेत त्या अधीक्षक झाल्या. पद बिनपगारी होते. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड देण्याचे कबूल केले तेव्हाच हे शक्य झाले. तिथे त्यांनी मजल्यांवर गरम पाणी नळाने पोहोचवले, जेवण वर नेण्यासाठी लिफ्ट बसवली, रुग्णाला परिचारिकेला बोलावता यावे म्हणून घंटांची सोय केली. परिचारिकेचे पाय जिने चढण्यात झिजले तर रुग्णाकडे लक्ष कोण देणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. परिचारिकेचा वेळ मोलाचा आहे, हा विचार त्या काळी नवा होता.

क्रिमियाच्या युद्धात नेमके काय घडले?

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरले. जखमी ब्रिटिश सैनिकांच्या हालांच्या बातम्या द टाइम्समध्ये छापून आल्या आणि देशात संताप उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे मित्र होते. त्यांनी सरकारी खर्चाने परिचारिकांची तुकडी नेण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांसह नाइटिंगेल निघाल्या. त्यांत रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी होत्या, तसेच १४ जणी रुग्णालयांत काम केलेल्या पगारी परिचारिका होत्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील बराक रुग्णालयात पोहोचल्या. मूळची ही लष्करी बराक. मैलोन् मैल पसरलेल्या खाटा, उंदीर, तुंबलेली शौचालये. कपडे धुण्याची सोय नाही, ताटवाट्या नाहीत, पुरेसे कपडे नाहीत. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. नाइटिंगेल यांनी वाद घातला नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही, असा आदेश त्यांनी आपल्या परिचारिकांना दिला आणि वाट पाहिली. काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतील जखमींची जहाजे आली. मग डॉक्टरांनाच मदत मागावी लागली.

वर्गणीतून जमलेला पैसा त्यांच्या हाताशी होता. त्यातून कपडे, ब्रश, भांडी, खाद्यपदार्थ विकत घेतले गेले. घर भाड्याने घेऊन त्यात धुलाईची व्यवस्था केली, सैनिकांच्या बायकांना त्या कामावर लावले. अशक्त रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर सुरू झाले. रात्री त्या वॉर्डांतून फेरी मारत. त्यांच्या हातात घडीचा तुर्की कंदील असे. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने ते दृश्य छापले आणि दिवा घेतलेली बाई ही प्रतिमा जगभर गेली.

याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांनीही सैनिकांची सेवा केली. लंडनमध्ये त्यांना परिचारिकांच्या तुकडीत घेतले नाही, तेव्हा त्या स्वतःच्या खर्चाने क्रिमियात गेल्या आणि बालाक्लावाजवळ त्यांनी सैनिकांसाठी उतारघर चालवले. गौरवाचा प्रकाश बरीच वर्षे एकाच व्यक्तीवर राहिला, हे आज मान्य केले जाते.

दिव्याच्या गोष्टीत कोणता भाग सांगितला जात नाही?

पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले. त्या हिवाळ्यात तिथे चार हजारांहून अधिक सैनिक दगावले. यातील बहुतेक जखमांनी गेले नाहीत. हगवण, पटकी, टायफस, विषमज्वर यांनी गेले. रुग्णालयाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग आला. त्याने गटारे साफ केली, मेलेली जनावरे उचलली, पाण्याचा पुरवठा सुधारला, वॉर्डांत हवा खेळती केली. उन्हाळ्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले.

सैनिक मुख्यतः उपासमार, थंडी आणि उशिरा दाखल झाल्याने मेले, असे नाइटिंगेल यांना तेव्हा वाटत होते. १८५६ च्या उन्हाळ्यात त्या मायदेशी परतल्या. स्वागत समारंभ टाळण्यासाठी त्यांनी मिस स्मिथ या नावाने प्रवास केला. नंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्या आकडे तपासायला बसल्या. जे रुग्णालय आपण चालवले तेच सैनिकांच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले होते, असे आकडे सांगत होते. स्वच्छ चादर, गरम सूप आणि मायेची फेरी हे सगळे होते, तरीही माणसे मरत होती.

देशभर नाव झालेले असताना हे झाकून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते आकडे सरकारपुढे मांडले, चौकशी आयोग नेमायला लावला, आणि मंत्र्यांना रकाने वाचायचा कंटाळा येतो म्हणून १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आलेख काढले. टाळता येण्यासारख्या रोगांनी झालेले मृत्यू किती आणि जखमांनी झालेले किती, हे त्यात एका नजरेत दिसत होते. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. रुग्णाचा तक्ता भरणे हे कारकुनी काम समजून कंटाळणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. नोंद नसती तर स्कुटारीचे सत्य कधीच बाहेर आले नसते.

१८६० च्या शाळेत नवे काय होते?

युद्ध सुरू असतानाच, नोव्हेंबर १८५५ मध्ये, कृतज्ञता म्हणून नाइटिंगेल निधी उभारला गेला. त्यात सुमारे ४५ हजार पौंड जमले. त्या पैशांतून ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. मेट्रन सारा वॉर्ड्रोपर यांच्याकडे शाळेची सूत्रे होती. नाइटिंगेल स्वतः तिथे शिकवत नव्हत्या. क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली होती. खोलीत, बरेचदा अंथरुणावरूनच, पत्रे आणि अहवाल लिहून त्या काम करत.

शाळेची रचना आजही ओळखीची वाटेल. प्रशिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण आणि गणवेश मोफत, शिवाय वर्षाला १० पौंड विद्यावेतन. प्रत्येकीला स्वतंत्र खोली. त्यानंतर ठरावीक काळ रुग्णालयात सेवा करण्याचा करार, म्हणजे आजच्या भाषेत बाँड. डॉक्टरांची व्याख्याने आणि वॉर्डातले काम दोन्ही असे. प्रत्येक विद्यार्थिनीचा मासिक नोंदतक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा हे गुण तर असतच. शिवाय मलमपट्टी, हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाला हलवणे, अंथरूण घालणे, रुग्णाचे निरीक्षण अशा प्रत्येक कौशल्याचा स्वतंत्र रकाना असे.

यातला सर्वांत मोठा बदल घरच्यांच्या शंकेला उत्तर देणारा होता. सुरक्षित वसतिगृह, स्त्री अधिकाऱ्याची देखरेख, ठरलेला अभ्यास, प्रमाणपत्र आणि नंतर पगाराची नोकरी, हे सगळे मिळाल्यावर नर्सिंग हे सामान्य घरातल्या मुलीलाही सन्मानाने निवडता येईल असे काम झाले. इथे शिकलेल्या परिचारिका पुढे मेट्रन होऊन दूरवर गेल्या. लुसी ऑस्बर्न १८६८ मध्ये पाच सहकाऱ्यांसह सिडनीला गेल्या. अ‍ॅग्नेस जोन्स यांनी लिव्हरपूलच्या गरिबांच्या रुग्णालयाचा कारभार सुधारला आणि १८६८ मध्ये तिथेच टायफसने त्यांचा बळी घेतला.

शाळा आदर्श होती का?

नाही. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला नाइटिंगेल यांनी बारकाईने चौकशी केली तेव्हा व्याख्याने नीट होत नव्हती आणि विद्यार्थिनींना शिकवण्यापेक्षा वॉर्डातले मनुष्यबळ म्हणून राबवले जात होते, असे आढळले. त्यांनी शिकवण्यासाठी आणि वसतिगृहासाठी स्वतंत्र सिस्टर नेमण्याचा आग्रह धरला आणि त्या स्वतः विद्यार्थिनींना भेटून त्यांच्या टिपणवह्या वाचू लागल्या. आपण शिकतोय की नुसते राबतोय, हा प्रश्न नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आजही पडतो. तो या शाखेइतकाच जुना आहे.

सुईणींसाठी किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुरू केलेला त्यांचा उपक्रमही फसला. प्रसूतीनंतरच्या तापाने बाळंतिणी दगावू लागल्यावर तो वॉर्ड १८६७ मध्ये बंद करावा लागला. त्यावर त्यांनी देशभरातले बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून पसरतात, असे त्या दीर्घकाळ मानत होत्या. जंतूंचा सिद्धान्त त्यांनी उशिराच स्वीकारला.

नोंदणीच्या बाबतीत त्यांची भूमिका आज अनेकांना पटणार नाही. १८८७ नंतर ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या सरकारी नोंदणीची मागणी पुढे आली, तेव्हा नाइटिंगेल यांनी विरोध केला. परीक्षेने स्मरणशक्ती तपासता येईल, स्वभाव आणि हातातले कसब नाही, अशी त्यांची भीती होती. पण नोंदणी नसेल तर अशिक्षित व्यक्तीही स्वतःला परिचारिका म्हणवून घेते, हा विरुद्ध बाजूचा मुद्दा बळकट ठरला. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ मध्ये, नाइटिंगेल यांच्या निधनानंतर आला.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत. मात्र १८५९ मध्ये नेमलेल्या भारतातील लष्कराच्या आरोग्यविषयक आयोगासाठी त्यांनी छावण्या-छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून प्रचंड माहिती जमवली. १८६३ च्या अहवालानुसार भारतातील ब्रिटिश सैनिकांचे वार्षिक मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ होते. पाणी, गटारे आणि बराकी सुधारल्यावर पुढच्या दशकात ते १८ पर्यंत उतरल्याचे त्यांनी लिहिले. सैनिकांपासून सुरू झालेले त्यांचे लक्ष पुढे दुष्काळ, पाटबंधारे आणि खेड्यांतील स्वच्छतेकडे वळले.

मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या कार्याबद्दल त्यांना आस्था होती. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना दिली. याच मलबारी आणि गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. विधवा आणि निराधार स्त्रियांना तिथे शिक्षण मिळाले, आणि त्यांतील काहींनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे सगळे करायचे, यावर पुण्यात टीका होणे अटळ होते. इंग्लंडमधल्या नाइटिंगेल घराण्याला जी भीती वाटली, तीच इथे सोवळ्याओवळ्याच्या रूपात आली.

नाइटिंगेल यांना १८८३ मध्ये रॉयल रेड क्रॉस आणि १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाचा मान कुटुंबाने नाकारला. ईस्ट वेलो या गावातील त्यांच्या कबरीवर फक्त आद्याक्षरे आणि तारखा आहेत.

आज नर्सिंगला जायचे तर वाट कशी आहे?

एका वर्षाच्या त्या अभ्यासक्रमाच्या आता अनेक शाखा झाल्या आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः गावपातळीवरील माता-बाल आरोग्यसेवेसाठी आहे. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका असून तिला कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना जाता येते. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सीईटी असते आणि महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीतून पदवी घेता येते. पुढे दोन वर्षांची एमएस्सी, अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणि पीएचडी असे टप्पे आहेत. यातील बहुतेक अभ्यासक्रम मुलग्यांनाही खुले आहेत.

नोकरी म्हणजे फक्त वॉर्ड नव्हे. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता, डायलिसिस, मानसिक आरोग्य, संसर्ग नियंत्रण, शाळा आणि कारखान्यांतील आरोग्यसेवा, आरोग्यवर्धिनी केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, अध्यापन, लष्करी परिचर्या सेवेतील अधिकारीपद असे पर्याय आहेत. एम्समधील भरतीसाठी नॉरसेट ही परीक्षा असते. अमेरिकेत नोंदणीसाठी एनक्लेक्स, तर ब्रिटनसाठी इंग्रजीची ओईटी किंवा आयईएलटीएस परीक्षा द्यावी लागते.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

ज्या नोंदणीला नाइटिंगेल यांनी विरोध केला, तीच आज विद्यार्थ्याची ढाल आहे. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला. राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. म्हणून महाविद्यालयाला मान्यता आहे का आणि चालू वर्षासाठी किती जागांना आहे, हे परिषद आणि विद्यापीठ यांच्या यादीत स्वतः पाहावे. काही महिन्यांत नर्स बनवण्याची जाहिरात करणाऱ्या वर्गांच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही.

दुसरी गोष्ट, संलग्न रुग्णालय. किती खाटा आहेत, प्रसूती, बालरोग, मनोरुग्ण विभागांचा अनुभव कुठे मिळेल, वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत शिक्षक असतात का, हे विचारावे. वसतिगृह, रात्रपाळीतली ने-आण, बाँडच्या अटी आणि मूळ कागदपत्रे कोणाकडे राहतील, हेही लेखी घ्यावे. शक्य असल्यास शेवटच्या वर्षातल्या दोन विद्यार्थिनींशी बोलावे. वॉर्डात शिकवले जाते की नुसते राबवले जाते, याचे उत्तर त्या देतील. सेंट थॉमसच्या शाळेत नाइटिंगेल यांनाही ते बारकाईने चौकशी केल्यावरच कळले होते.